व्याह्याचा खर्रा

तंबाखूचा खर्रा सोडा म्हणून मी कारंजा स्टँडवर पत्रकं वाटतो. लोक त्याच कागदात खर्रा बांधतात. संताप येतो!

तिथल्या पंक्चरवाल्या काकांनी मात्र तो सोडलाय. तलफ आली की ते स्वतःच्या मनालाच मोठ्यानं दटावतात, "काहून वळून राह्यला बे जुन्या वाटेनं? चाल इकडं!" अन् फुटाणे तोंडात टाकतात. लोक हसतात.

परवा त्यांच्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत मीही होतो. होणाऱ्या व्याह्यांनी खर्रा घोटून पुढं केला. आमच्याकडं तो नाकारणं म्हणजे अपमान, सोयरीकच मोडायची. काकांनी खर्रा घेतला, कपाळाला लावला अन् परत दिला.

"मान घेतला, व्याहीबुवा. खर्रा तुमीच ठेवा."

व्याही हसले, पेढे मागवले. काकांनी खिशातले फुटाणे तोंडात टाकले. एवढी हिंमत मी कुठल्याच मोर्चात पाहिली नाही.