फोटोमागची बाई

तुळशीराम फ्रेमवाला पहिल्यांदा माझ्या दारात आला तेव्हा मी त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं. "वैनी, सायबांचा फोटो जरा उतरवू द्या. त्याच्या मागं एक बाई असंल," असं म्हणाला. कृष्णकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. चौतीस वर्षं जो माणूस ऑफिस सुटलं की सरळ घरी आला, त्याच्यामागे मेल्यावर ही कोण बाई लावतोय, म्हणून माझं डोकं फिरलं. मग त्याने दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं, आणि तरीही नाही म्हणाले.

तुळशीराम उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. मिठागरं गेली, भावांनी जमिनीच्या पैशांतून गाड्या घेतल्या, याने पनवेलच्या बाजारात फ्रेमचं दुकान टाकलं. त्याच्या फ्रेमची काच कधी वाजत नाही. फोटो आणि मागची फळी यांत जागा राहिली की तो काहीतरी जाड भरतो, खोक्याचा पुठ्ठा, लग्नपत्रिका, हाताला लागेल ते. जुनी फ्रेम खोलली की मागून हमखास आणखी एखादा फोटो निघतो, कारण पूर्वी लोक जुन्यावरच नवा बसवत. आधी तो हे फोटो गिऱ्हाइकांना परत द्यायचा. लोक म्हणायचे, टाकून दे. कुणाची आत्या, कुणाचे आजोबा. मग त्याने विचारणंच सोडलं. पण माणसाचं तोंड कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून ते फोटो तो दुसऱ्यांच्या फ्रेममध्ये भरू लागला. कुणाच्या का होईना, भिंतीवर राहतील, असं त्याचं म्हणणं. जुन्या स्टुडिओतले जाड पुठ्ठ्यावरचे फोटो तर भरायला एकदम बेस.

असाच एक फोटो ओवे गावच्या वेणूच्या आईचा. वेणू सव्वा महिन्याची असताना आई गेली. बापाने दुसरं लग्न केलं, आणि नव्या बायकोला पहिलीचा फोटो घरात नको होता. त्याने तो लक्ष्मीच्या तसबिरीमागे घातला आणि जन्मभर रोज संध्याकाळी त्या लक्ष्मीला हात जोडले. जाताना मात्र वेणूला म्हणाला, "लक्ष्मीच्या मागं तुझी आयस हाय." वेणूने तसबीर खोलली तर मागे बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा. काच फुटली म्हणून तिच्या सावत्र भावाने, परेशने, मधेच कधीतरी ती तुळशीरामकडून नवी करून आणली होती.

वेणू साठीची. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसऱ्याचंही काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आईचं तोंड तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. दुकानात येऊन ती भांडलीसुद्धा नाही. "दिसतंय तवर गावला तं बरं," एवढंच म्हणाली. हे सांगताना तुळशीरामने माझ्याकडे बघितलं नाही.

फोटो नक्की कुणाच्या फ्रेममध्ये भरला ते त्याला आठवत नव्हतं. ती लक्ष्मी दुकानात आली त्या महिन्यातली गिऱ्हाइकं तेवढी आठवत होती, आणि त्यांत मीही होते; कृष्णकांत गेल्यावर फोटोची फ्रेम मी त्याच्याकडूनच करून घेतली होती. दुपारी दुकान बंद करून तो एकेकाच्या घरी जायचा, फ्रेम खोलायचा, काच पुसून परत लावून द्यायचा. पदरचे खिळे घालून. माझ्याकडे चैत्रात आला, मग आषाढात. मी चातुर्मासाचं निमित्त सांगितलं. भाद्रपदात आला तेव्हा म्हणाला, "बाकीची घरं झाली वैनी, आता तुमचंच राहिलंय." मी म्हटलं, दिवाळीला रंग काढायचाय, तेव्हा बघू. खरं कारण काय होतं? कृष्णकांतच्या पाठीमागे कुणी परकी बाई निघावी हे मला खपत नव्हतं. आणि एकदा नाही म्हणाल्यावर हो म्हणायची मला सवय नाही. मोडेन पण वाकणार नाही, हे आमच्या माहेरचं वळण, आणि त्याचा मला अभिमानही होता.

दिवाळीआधी रंगाऱ्याने फोटो उतरवला आणि त्याच्या हातून काच तडकली. मी फ्रेम जेवणाच्या टेबलावर पालथी घालून खिळे काढले. कृष्णकांतच्या मागे ती उभी होती. लहानखुरी, नऊवारीतली, वेताच्या खुर्चीवर हात ठेवलेली. मापात बसावी म्हणून खालून कापलेली, त्यामुळे पावलं नव्हती. मला तिचा राग आला नाही. माझाच आला.

फोन केला तसा तुळशीराम धावत आला. "मी सांगत होतो ना," असं एका अक्षरानेही म्हणाला नाही. आम्ही रिक्षा करून ओव्याला गेलो. वाटेत त्याने सांगितलं, नवरात्रात वेणूचा दुसरा डोळाही गेला.

वेणू ओटीवर बसली होती. फोटो हातात दिला, तर कितीतरी वेळ ती त्याच्या कडांवरून बोटं फिरवत राहिली.

"कशी हाय?" तिने मला विचारलं.

मी दिसलं तसं सांगितलं. साडी, खुर्ची, कपाळावरचं मोठं कुंकू.

"हसतंय काय?"

"नाही. जरा घाबरल्यासारखी वाटते."

तिने मान हलवली. मग तुळशीरामकडे तोंड करून म्हणाली, "कुठं गावला?"

मी तोंड उघडायच्या आत तुळशीराम म्हणाला, "दुकानातच व्हता. कपाटाच्या मागं पडलेला."

"दुकानातच? आन तू सा म्हयने लोकांची घरं धुंडत बसलास? चैतात दिला असतास तं मना दिसली असती."

"चुकलं माझं," तो म्हणाला.

खरं सांगायची हीच वेळ होती. तीन वर्षं फोटो माझ्या भिंतीवर होता, तो तीनदा मागायला आला होता, मीच खोलू दिला नाही. एवढंच बोलायचं होतं. वेणूची सून दिपिका चहा घेऊन आली. मी कप घेतला, आणि चहा छान झालाय म्हणाले.