एकटं दिसलेलं पिल्लू

"हे कुत्र्याचं पिल्लू नाही," मी म्हणाले, आणि मुख्याध्यापिकांच्या केबिनमधले सगळे खोक्यावर वाकले.

खोक्यात ओढणीवर झोपलेलं पिल्लू महिनाभराचं असेल. गडद तपकिरी रंग, निमुळतं तोंड. कोल्ह्याचं पिल्लू होतं. भाईंदर पश्चिमेला मिठागरांच्या पलीकडे खारफुटी आहे, तिथे कोल्हे राहतात. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना हे अजून खरं वाटत नाही.

मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत एज्युकेशन ऑफिसर आहे. शाळाशाळांत जाऊन प्राण्यांशी कसं वागावं याचे सेशन घेते. बावीस वर्षं हेच करतेय आणि बरं करतेय, असं माझं मत होतं.

त्या सकाळी पिल्लू शाळेत आणलं होतं आठवीतल्या सानिका कांबळेनं, म्हणून मला बोलावलं होतं. ती कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती.

"कुठे मिळालं ते मघापासून विचारतेय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पोलीस केस होईल म्हटलं तरी गप्प!"

"मॅडम, तसं म्हटलंत म्हणूनच गप्प आहे," मी म्हणाले. अशा वेळी माझा पारा चढतो.

जागा कळणं फार गरजेचं होतं. जंगली पिल्लू त्याच दिवशी, त्याच जागी परत ठेवलं तर आई बहुतेक वेळा घेऊन जाते. उशीर झाला तर ते माणसांच्या हातावर वाढतं, शिकार शिकत नाही आणि जन्मभर पिंजऱ्यात राहतं. मी वनखात्याला फोन लावला. तासाभरात वनरक्षक पाटील बाईकवरून आले. इथल्याच डोंगरी गावचा माणूस, बोलणं रोखठोक.

"जागा कळली तर साहेबांची परमिशन घेतो, संध्याकाळी सोडू," ते म्हणाले. "न्हाय तर गाडी बोलवायची आन रेस्क्यू सेंटरला रवाना."

मी सानिकाला बाहेर नेलं. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो.

"का उचललंस गं?"

"तुम्हीच सांगितलं होतं मॅडम. एकटं पिल्लू दिसलं की उचलून सुरक्षित ठिकाणी ठेवायचं."

माझंच वाक्य, शब्दन् शब्द. मागच्या महिन्यात याच शाळेत मी ते म्हणाले होते. गाड्यांखाली बसणाऱ्या मांजराच्या पिल्लांबद्दल बोलत होते, पण मांजर हा शब्द त्या वाक्यात नव्हता. या शाळेतली काही मुलं मिठागराच्या बांधावरून घरी जातात, हे बावीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे चूक माझी," मी म्हणाले. "ते एकटं नव्हतं. आई खायला आणायला गेली होती."

सानिकानं पहिल्यांदा मान वर केली. "मग मी तिचं पिल्लू चोरलं?"

"आपण दोघींनी. आता परत देऊया. जागा दाखवशील?"

"पप्पांना पोलीस नेणार नाहीत ना?"

मी पाटलांना हाक मारली. "हिला सांगा हो जरा, पप्पांना पोलीस नेणार नाहीत म्हणून."

"कोन नेतंय? मी हाय ना!" पाटील म्हणाले.

जागा मिळाली. बांधाच्या टोकाला, पडक्या पंपशेडजवळ. परवानगीही आली. पाच वाजता सानिका, तिची आई, मी आणि पाटील तिथे पोहोचलो. पाटलांनी पिल्लू आडव्या क्रेटमध्ये ठेवलं आणि आम्हाला लांब, वारा आमच्याकडे येईल अशा बाजूला बसवलं. माणसाचा वास तिकडे गेला तर आई येत नाही.

पिल्लू रडत राहिलं. अर्धा तास गेला, मग पाऊण. सानिकाची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

"नाही आली तर?" तिनं कुजबुजत विचारलं.

मी पाटलांकडे बघितलं.

"येनार. तिचं पोर हाय ते," पाटील पुटपुटले.

आणि ती आली. खारफुटीतून बाहेर पडली, थांबली, हवा हुंगली. क्रेटपाशी जाऊन तिनं पिल्लाला मानेला धरलं आणि आली तशी निघून गेली. सगळं मिळून दहा सेकंद.

"घेतलं! मॅडम, घेतलं तिनं!" सानिका रडत होती. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

आता मी प्रत्येक सेशनमध्ये सांगते: पिल्लू दिसलं तर हात लावू नका. लांब उभे राहा, आईची वाट बघा, ती आली नाही तर आम्हाला फोन करा. उचला म्हटलं की मुलांचे डोळे चमकायचे. थांबा म्हटलं की ती जांभया देतात. देऊ देत.