बाबांच्या कानापर्यंतचं अंतर

मंडळी, आज साउंड प्रोसेसरने माझी पार जिरवली. पण मी हटले नाही.

बाबांच्या गाडीत तो नवीन बसवलाय. प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंतचं अंतर त्यात भरायचं, म्हणजे सगळ्यांचा आवाज एकाच वेळी कानात पोचतो. मी ड्रायव्हरच्या सीटला टेकून बसले, टेपने मोजलं, भरलं. झकास!

बाबांनी आमच्या अवधपुरी भागात एक चक्कर मारली. "गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत गं. माझे कानच गेले असतील. जाऊ दे."

कान गेले म्हणे! तीनदा मोजलं. आकडे तेच.

मग पुढच्या चकरेला शेजारी बसून बाबांकडेच बघत राहिले. हा माणूस सीटला टेकतच नाही! स्टिअरिंगला छाती लावून चालवतो.

गाडी थांबवायला लावली. "बाबा, अस्सेच बसा." टेप थेट त्यांच्या कानाला लावला, नवे आकडे भरले.

आता बाबा गाण्याबरोबर गुणगुणतायत.

घरात कोणाकोणाला आपण असं स्वतःच्या मापाने मोजून मोकळे होतो?