प्रलंबित : शून्य

सुजाताताई गेली, हे सांगायला तिच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत गाडीवर आलूबोंडा खात होतो. ती असती तर म्हणाली असती, "आधी बोंडा संपव, भाऊ, मी कुठं पळून राहिली?" या खेपेला मात्र पळालीच... किडनीचं दुखणं.

शेतकऱ्यांसाठीच्या एका मदतवाहिनीच्या कचेरीत आम्ही दोघं होतो. कापूस माणसं गिळत होता ती वर्षं. मी फोन घ्यायचो, ती डेटाबेस सांभाळायची. माणूस बोलला की आमचं उत्तर टाइप व्हायचं. पण पुष्कळदा पलीकडून कोणी बोलतच नसे. नुसता श्वास... मागं एखादी बकरी. उत्तराचा रकाना रिकामा राही, नंबर प्रलंबितात जाई आणि संध्याकाळी आम्ही उलट फोन करायचो.

मग नवा डेटाबेस आला आणि सकाळी पाहतो तर प्रलंबित शून्य! साहेब नवरदेवाच्या बापासारखे पेढे वाटत सुटले. सुजाताताईनं घेतला नाही. उत्तर आहे की नाही हे तपासणारा नियम तिनं पडद्यावर दाखवला. त्यात लिहिलं होतं 'कितीही अक्षरं'. म्हणजे एकही नसलं तरी चालेल. जुना डेटाबेस रिकाम्या रकान्याला 'काहीच नाही' समजून नंबर प्रलंबितात ठेवायचा. नव्याचं म्हणणं, रिकामं? तेही उत्तरच, पुढे चला! 'निदान एक अक्षर' एवढी एकच खूण बदलायची होती.

"साहेब, ह्या लोकायले आता कोणीच फोन करणार नाही."

"मॅडम, शून्य वर कळवलंय. पेढा घ्या."

तिनं खूण बदलली. साहेबांनी दुपारी ती पूर्ववत करवली आणि लवकरच बाईंना घरी बसवलं. निरोपाच्या भाषणात तिच्या काटेकोरपणाचं असं काही कौतुक केलं, की मला वाटलं आता पुतळाच उभारतात! शून्य मात्र टिकलं. त्याबद्दल साहेबांना शालही मिळाली.

परवा तिवश्याला तिच्या घरी गेलो. चहा पुढ्यात आला तोच तिचा मोबाइल वाजला. नवऱ्यानं उचलला, "हॅलो" म्हणाला आणि कानाशी धरून बसला.

"कोण हाय?" मी विचारलं.

त्यानं फोनवर तळवा ठेवला. "बोलत नाहीत, भाऊ. नोकरी गेल्यावर सुजाता घरूनच लावे ना ह्या लोकायले फोन. आजून येतात."

"मंग तुमी काय सांगता?"

"मले काय सांगता येते? फक्त फोन कापत नाही."

त्यानं तळवा काढला, मोबाइल पुन्हा कानाशी धरला आणि मला हातानंच खुणावलं, चहा घे.