कॉम्प्युटरचं दावं

सिंधुबाई माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी. पण सारं वडगाव निंबाळकर तिला बाई म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. दूध संस्थेची सेक्रेटरी होण्याआधी ती जनावरांचा व्यवहार करायची. गाय विकताना "हिचं एक सड बंद हाय, दूध येत न्हाय त्यातनं" हे गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांगून टाकायची. त्यामुळं तिच्या गोठ्यातली गाय लोक डोळे झाकून नेत.

शहाण्णव साली संस्थेत कॉम्प्युटर आला. विंडोज त्यात आधीच घालून दिलेलं होतं. सोबत सीडी आणि लायसनचा चकचकीत कागद. सिंधुबाईनं कॉम्प्युटरला जुन्या लुगड्याची खोळ शिवली, काठ पुढं येईल अशी.

तीन वर्षांनी संस्थेनं नवा कॉम्प्युटर घेतला, विंडोजशिवाय. जुना बुद्धघोषनं विकत घेतला, खोळीसकट. हा तरुण इंदापुरात कॉम्प्युटरचा क्लास काढत होता. आमच्याकडं जनावर विकलं तरी ते बांधायचं दावं देत नाहीत. दाव्यामागं गोठ्याची बरकत जाते म्हणतात. त्याच रीतीनं सिंधुबाईनं सीडी आणि कागद ठेवून घेतला, नव्या मशीनवर त्याच सीडीनं विंडोज चढवून घेतलं आणि सगळ्यांना ऐटीत सांगितलं, "जनावर गेलं, दावं हितंच हाय!"

महिनाभरात बुद्धघोष कासावीस होऊन संस्थेत आला. सोमवारी क्लासची तपासणी होती. प्रत्येक मशीनचं लायसन दाखवलं नाही तर मान्यता नाही, आणि मान्यता नाही तर नाव घातलेली पोरं बारामतीला जाणार.

"मावशी, तो कागद माझ्या मशीनचा हाय."

"आन् दावं कुणी देतं व्हय रे?"

त्यानं सोबतची पुस्तिका उघडून अर्थ सांगितला. मशीनमध्ये घालूनच आलेलं विंडोज त्याच मशीनचं. ते दुसऱ्यावर नेता येत नाही. मशीन विकलं की सीडी, कागद, सगळं त्याच्यामागं द्यायचं.

"पर नव्यावर झकास चालतंय की."

"चालतंय. पर तुमचा हक्क न्हाय त्याच्यावर."

सिंधुबाईनं पुस्तिका हातात घेऊन पाहिली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हंजे हे दावं न्हवंच. शिंगं हायत ही! गाय विकून शिंगं घरात ठिवली मी."

चेअरमन आप्पासाहेब तिथंच होते. दुधाचा पगार, म्हणजे दूध घालणाऱ्यांचे पैसे, दोन दिवसांवर आलेला. ते म्हणाले, "नवं लायसन येईस्तवर बिलं कशी काढायची? राहू द्या की. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय, आप्पासाहेब. बंद सड सांगून गाय विकणारी बाई मी. आता शिंगं लपवू?"

"मग बिलं?"

"हातानं. मशीन यायच्या आधी काय दूध फुकट घालत हुता?"

आप्पासाहेब हसले, आणि नव्या लायसनची मागणी बारामतीच्या दुकानात लगेच गेली. सिंधुबाईनं कागद आणि सीडी बुद्धघोषच्या हातात ठेवली, नव्या मशीनवरचं विंडोज पुसायला लावलं आणि बिलं लिहायला बसली. दूध घालायला आलेल्या प्रयागबाईनं टोमणा मारलाच.

"काय गं, आटलं का तुजं मशीन?"

"गाभण हाय. येतंय दुधात."

पगार ठरल्या दिवशी वाटला गेला. एकाचंही बिल चुकलं नाही.

सोमवारी क्लासला मान्यता मिळाली. उद्घाटनाला बुद्धघोषनं सिंधुबाईला बोलावलं. मीही बरोबर गेलो. बाकं पोरांनी भरली होती. पहिल्या टेबलावर आमचा जुना कॉम्प्युटर, अंगावर लुगड्याची खोळ. फीत कापून सिंधुबाई थेट त्याच्यापाशी गेली, खोळ ओढून काढली आणि घडी घालू लागली.

"मावशी, हे काय?"

"शिंगं दिली तुला. माजं दावं दे आता!"

क्लास हसून दणाणला. सगळ्यात मोठ्यानं बुद्धघोष हसत होता. परतीच्या एसटीत सिंधुबाई खोळ मांडीवर घेऊन ताठ बसली होती. नवं लायसन आल्यावर संस्थेच्या नव्या कॉम्प्युटरवर तिनं ती स्वतः चढवली, काठ पुढं करून.