आठ मिनिटांची ओढ

रविवार, दिवाळीनंतरचा पहिला. तेलगावच्या रानात हजर: मी, दाजी आणि भाची सुषमा. आक्का नाही.

माझी थोरली बहीण आक्का जाऊन महिना झाला. ती पहाटेच गेली; मला माजलगावला फोन आला तेव्हा दुकान उघडून झालं होतं. मधल्या वेळात मी तिच्यासाठी कारळं पाखडली, पिशवी बांधली, वर तिचं नाव घातलं...

आक्का शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर रान बघू लागली, पण शिकवणं सुटलं नाही. गेल्या हुरड्याला तिने मला जोंधळ्याच्या कडेला उभं केलं. पाखरं उठवायला रानभर ढिली तार बांधलेली, तिला तेलाचे रिकामे डबे. "मी झटका देते. डबा वाजला की हात वर कर." तिचा हात हलला, तार लहरत आली, मग माझ्याजवळचा डबा वाजला.

"बघितलंस? गुरुत्वाच्या ओढीलाबी वाट चालावी लागती. सूर्य आत्ता गायब झाला, तर आठ मिनिटं आपण तशाच फिरत राहू, खुळ्यावानी."

"सूर्य कुठं जातोय? तू हुरडा खा."

तिने ऐकलं नाही. दूर कुठंतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वाचा हेलकावा आणि उजेड कोट्यवधी वर्षं चालून दोनेक सेकंदांच्या फरकानं इथं पोचले. म्हणजे दोघांचा वेग एकच. हे तिने मला दोनदा सांगितलं.

मग मी अडवलं. "ओढ आठ मिनिटं शिळी, तर पृथ्वी सूर्याच्या जुन्या जागेकडंच ओढली जाणार. मग ती भरकटत कावून न्हाई?"

आक्का हसली. "लई नेमकं धरलंस गं. बघून सांगते."

ते राहिलं. परवा मी बीडच्या एका प्राध्यापक बाईंना विचारून घेतलं. ओढ उशिराच येते, पण सूर्याची चालही तिच्यात मिसळून येते. गोफण मारणारा उडत्या पाखराच्या पुढं नेम धरतो, तशी ती जवळजवळ सूर्याच्या आत्ताच्या जागेकडंच रोख धरते. चाल सरळ आहे तोवर हिशेब चुकत नाही. ती अचानक मोडली, तरच कळायला वेळ लागतो.

आक्काला हे आवडलं असतं.

आज पेरणीचं बघितलं, खताचं ठरलं, मोटारीची वायर बदलली. तार आहे तिथंच आहे. जाता जाता मी झटका दिला. पलीकडं डबा वाजला का, इथून कळलं नाही. तिकडं उभं राहून हात वर करायला कुणीतरी लागतं... ते तेवढं बघायचं राहिलंय.