भिंगवाले काका

“‘साखर घातलेली नाही’ म्हणे! मग हे ग्लुकोज सिरप काय नळाचं पाणी आहे?”

शेजारचे काका सुभानपुऱ्यातल्या दुकानात ओरडले आणि अर्धं बडोदं जागच्या जागी थांबलं. त्यांच्या भिंगाखाली माझाच बिस्किटांचा पुडा होता. डायबिटीस झाल्यापासून मी तीच बिस्किटं निर्धास्त खात होतो, आणि शुगर काही उतरत नव्हती.

“वर हे कॅलरीचे आकडे दोनच बिस्किटांचे! दोनावर थांबतं कोण, भाई?”

छापलेल्या अक्षरावर काकांचा विश्वासच नाही. लग्नपत्रिकासुद्धा ते उजेडात धरून तपासतात. पुडा त्यांनी स्वतः फळीवर परत ठेवला.

रविवारी तेच काका फाफड्याच्या गाडीवर डोंगराएवढी जिलबी संपवताना दिसले.

“काका, आणि ही साखर?”

“हिच्यावर खोटं काही छापलेलं नाही,” ते म्हणाले.